खाती वेगळी, घर दोघांचे: डाऊन पेमेंट एकीच्याच बचतीतून द्यावे का?

भाडेकरू यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या लग्नाला सहा वर्षे होत आली. आम्ही दोघेही पुण्यात नोकरी करतो आणि पहिल्यापासून आपापले पैसे आपापल्या खात्यात ठेवतो. माझ्या हातात महिन्याला ५८ हजार रुपये येतात आणि नवऱ्याच्या हातात १ लाख ५ हजार. भाड्याचे २४ हजार धरून घराचा सामाईक खर्च ४८ हजारांच्या आसपास जातो व तो आम्ही निम्मा निम्मा वाटून घेतो. त्यापलीकडे उरलेल्या पैशांचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, असे आमचे लग्नाआधीच बोलणे झाले होते आणि ते दोघांनीही आजवर पाळले आहे.

मी काटकसरीने राहते. कार्यालयात डबा नेते, बसचा पास काढते, एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे गहू, तांदूळ आणि तूरडाळ भरून ठेवते, आईकडे गेले की पापड-कुरडया करून आणते आणि चालता मोबाइल केवळ जुना झाला म्हणून बदलत नाही. यात मन मारल्यासारखे मला कधी वाटलेले नाही. नवऱ्याला उधळ्या म्हणता येणार नाही, पण गाडीचा १८ हजारांचा हप्ता आणि गावी आईवडिलांना पाठवायचे १२ हजार (याबद्दल माझी काहीही तक्रार नाही) वजा जाता जे उरते ते सहली, बाहेरचे जेवण, सायकलीचे सुटे भाग आणि नवी उपकरणे यांत बहुतेक संपते. आज माझ्याकडे मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून १५ लाख आहेत, तर त्याच्याकडे चार लाखांहून थोडे अधिक.

सिंहगड रस्त्यावर ७० लाखांचा एक जुना फ्लॅट आम्हाला पसंत पडला आहे. बँक ८० टक्के, म्हणजे ५६ लाख कर्ज देईल. उरलेले १४ लाख, सात टक्क्यांप्रमाणे ४ लाख ९० हजारांचे मुद्रांक शुल्क आणि ३० हजारांची नोंदणी फी, असे दलाली सोडून १९ लाख २० हजार आम्हाला उभे करायचे आहेत. नवऱ्याचे म्हणणे असे की, मी माझे १५ लाख घालावेत, बाकीचे तो घालील, घर दोघांच्या नावावर निम्मे निम्मे असावे आणि पुढे हप्त्यांचा जास्त भार तो उचलील. जास्त म्हणजे किती, हे अजून ठरलेले नाही.

मला त्याच्या हेतूबद्दल शंका नाही. तरीही ज्या पैशांवर 'तुझे तू पाहा' असे सहा वर्षे ठरलेले होते, ते घराची वेळ येताच आपोआप सामाईक कसे झाले, हा प्रश्न मनातून जात नाही. इतरांनी अशा वेळी काय केले, आणि कायद्याच्या व हिशेबाच्या अंगाने काय पाहावे, हे जाणून घ्यायचे आहे.

---

हिशेबनीस यांचे उत्तर

डाऊन पेमेंटकडे वळण्यापूर्वी मागच्या वाटणीकडे एकदा पाहावे, असे मला वाटते. तुमच्या दोघांच्या मिळून होणाऱ्या १ लाख ६३ हजारांच्या मिळकतीत तुमचा वाटा ३६ टक्क्यांहून थोडा कमी आहे. त्या प्रमाणात ४८ हजारांचा खर्च वाटला असता तुमच्याकडे सुमारे १७ हजार १०० आणि तुमच्या पतींकडे सुमारे ३० हजार ९०० आले असते. म्हणजे निम्म्या वाटणीमुळे तुम्ही दरमहा सुमारे ६ हजार ९०० रुपये अधिक देत आला आहात. पगार पहिल्यापासून आजच्याइतकेच होते असे धरले, तर सहा वर्षांत ही रक्कम पाच लाखांच्या घरात जाते. पगार पूर्वी कमी असणार, तेव्हा प्रत्यक्षातला आकडा लहान असेल, पण दिशा तीच राहील.

दुसरी गोष्ट अशा हिशेबांत सहसा कोणी धरत नाही. काटकसर दोन जागी होते. स्वतःच्या खर्चात तुम्ही जो हात आखडता घेता, त्याची बचत तुमच्या खात्यात राहते. सामाईक स्वयंपाकघरात जी काटकसर होते, म्हणजे हंगामात भरलेले धान्य, घरचे वाळवण, आठवड्याची एकदम मंडई, तिची बचत मात्र निम्मी तुमच्या पतींच्या खात्यात जाते, कारण त्या ४८ हजारांचे ५५ हजार झाले असते तर त्यातले साडेतीन हजार त्यांना द्यावे लागले असते. धान्य निवडून, ऊन दाखवून डब्यांत भरण्याचे श्रम एकीचे आणि नफा दोघांचा, असा हा व्यवहार आहे. याचा मोबदला मागा असे मी सुचवत नाही. पण 'तू साठवलेस, मी साठवले नाही, तेव्हा तू घाल' असे कोणी म्हणू लागले, तर त्यांच्या सहली ज्या उरलेल्या पैशांतून झाल्या त्यांत तुमच्या काटकसरीचाही भाग होता, एवढे कागदावर मांडून दाखवायला हरकत नाही.

माझे मत विचाराल तर वेगळी खाती जरूर असावीत, मात्र त्यांच्याकडे वळण्याआधी दोन रकमा मिळकतीच्या प्रमाणात बाजूला निघाव्यात: एक घरखर्चाची आणि दुसरी सामाईक बचतीची. तुमच्या व्यवस्थेत दुसरी रक्कम कधी नव्हतीच. 'उरेल त्याचे ज्याचे त्याने पाहावे' या नियमात बचतही खासगी झाली, आणि घर ही मात्र दोघांची गरज निघाली.

---

एकच तिजोरी यांचे उत्तर

माझे मत इथल्या बहुतेकांना जुनाट वाटेल, तरी लिहितो. नवरा-बायकोने एकमेकांच्या वाट्याचे रुपये मोजत बसावे हे मला पटत नाही. आमच्या घरी दोघांचे पगार एका खात्यात येतात आणि दोघांना हातखर्चाला सारखी रक्कम मिळते. तिचा हिशेब कोणी कोणाला विचारत नाही. या पद्धतीचा मोठा फायदा असा की घराकडे एकूण किती शिल्लक आहे हे दोघांनाही दर महिन्याला दिसते. तुमच्या पतींना सहा वर्षांत बचतीची निकड भासली नाही याचे एक कारण स्वभाव असेल, पण दुसरे कारण असेही असू शकेल की घराची शिल्लक अशी गोष्टच त्यांच्या नजरेसमोर कधी आली नाही.

आणखी एक विचारतो. उद्या मूल झाले तर? मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदीप्रमाणे पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, परंतु त्यानंतर तुम्ही वर्षभर घरी राहायचे ठरवले, तर तुमची मिळकत शून्यावर येईल आणि निम्म्याचा किंवा प्रमाणाचा कोणताही नियम तिथे उपयोगी पडणार नाही. घराचा हप्ता मात्र चालूच राहील.

---

निवृत्त शाखाधिकारी यांचे उत्तर

ताई, गृहकर्जाचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्या आधारावर काही गोष्टी मांडतो.

प्रथम आकडे पाहू. ५६ लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ४८ हजार ६०० रुपये बसतो. डाऊन पेमेंटमध्ये तुमचे १५ लाख आणि पतींचे ४ लाख २० हजार धरू. आता हप्ता मिळकतीच्या प्रमाणात वाटला, तर ५६ लाखांच्या मुद्दलातील सुमारे ३६ लाख पती फेडतील व सुमारे २० लाख तुम्ही. एकूण ७५ लाख २० हजारांत तुमचे ३५ लाख आणि त्यांचे ४० लाखांहून थोडे अधिक, म्हणजे तुमचा हिस्सा साधारण ४६ ते ४७ टक्के होतो. अशा स्थितीत निम्मी मालकी तुमच्यावर अन्याय करत नाही, उलट थोडी तुमच्या बाजूने झुकते. मात्र हप्ताही आजच्या सवयीप्रमाणे निम्मा निम्मा भरला, तर तुमचे ४३ लाख होतात आणि त्यांचे ३२ लाख, आणि मग निम्मी मालकी मान्य करणे म्हणजे त्यांना सुमारे साडेपाच लाखांची भेट देण्यासारखे आहे. तेव्हा 'हप्त्याचा जास्त भार मी उचलीन' या वाक्यातला 'जास्त' हा शब्द आकड्यात उतरल्याशिवाय टोकनची रक्कमसुद्धा देऊ नये.

आता कायदा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे दोघांनी आपापल्या वेगळ्या पैशांतून मालमत्ता घेतली आणि दुसरा करार नसेल, तर ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा ठरतो. कोणी किती घातला याचा पुरावा नसेल, तर हिस्से समान मानले जातात. म्हणून प्रत्येकाने आपला वाटा स्वतःच्या खात्यातून थेट विक्रेत्याला द्यावा. सोयीसाठी सगळे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून तिथून धनादेश देण्याची पद्धत सर्रास आढळते आणि तिने पुराव्याची साखळी तिथेच तुटते. त्याहून चांगले म्हणजे खरेदीखतातच हिस्से टक्क्यांत लिहावेत. किंमत ५० लाखांहून अधिक असल्याने एक टक्का टीडीएस (विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदारांची आहे, आणि दोन खरेदीदार असले की तो आपापल्या हिश्श्याप्रमाणे वेगवेगळा भरावा लागतो. त्या निमित्ताने तरी हिस्सा ठरवणे टळत नाही.

मालकीचे हिस्से कसेही असले तरी कर्जाला हिस्से नसतात, ही बाब अनेक सहकर्जदारांना सही केल्यानंतर कळते. बँकेच्या दृष्टीने दोघेही संपूर्ण ५६ लाखांना जबाबदार असतात. एकाने हप्ता चुकवला तर पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) दोघांचाही घसरतो. 'माझा भाग मी भरला होता' हा खुलासा तुमच्या दोघांत चालेल, बँकेत चालणार नाही.

वारसा हा विषय अप्रिय आहे, पण टाळण्यासारखा नाही. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येत असाल आणि मृत्युपत्र नसेल, तर पतीच्या हिश्श्यावर पत्नी, मुले आणि पतीची आई या सर्वांचा सारखा हक्क असतो. मूल नसेल तर पत्नी आणि सासूबाई निम्म्या निम्म्या. तुमच्या बाबतीत मूल नसेल तर तुमचा हिस्सा पतीकडे जाईल, आणि तेही नसतील तर तुम्ही स्वतः कमावलेल्या मालमत्तेवर तुमच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो. बँकेत किंवा सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे हा प्रश्न सुटला असे समजू नये, कारण ज्याच्या नावे नामनिर्देशन आहे तो वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा असतो, त्यामुळे मालक होत नाही. दोघांनी दोन साधी मृत्युपत्रे करावीत. त्यासोबत पतींनी कर्जाच्या रकमेइतका मुदत विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याखाली तुमच्या नावे काढला, तर ती रक्कम त्यांच्या धनकोंच्या हाती लागत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो.

शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत तातडीचे. तुमचे सर्वच्या सर्व १५ लाख यात घालू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून नव्या घरात महिन्याला ७५ हजारांच्या आसपास लागतील. सहा महिन्यांचे साडेचार लाख हाताशी राहिलेच पाहिजेत, आणि आज तुमच्या घरात ते फक्त तुमच्याकडे आहेत. पुढचे काही महिने हप्ता आणि भाडे यांतील फरक, म्हणजे साडेचोवीस हजार, मिळकतीच्या प्रमाणात दोघांनी वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकून पाहावेत. ते जमले तर घर परवडते. ओढाताण झाली तर कर्ज घेण्यापूर्वीच ते कळेल.

---

मांडवीतीर यांचे उत्तर

मी गोव्यात राहतो, म्हणून एक वेगळी बाजू. वर सगळे कायदे गृहीत धरतात की नवऱ्याचे ते नवऱ्याचे आणि बायकोचे ते बायकोचे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंब कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला आणि तो सर्व धर्मीयांना लागू आहे. लग्नापूर्वी रीतसर करार करून दुसरी पद्धत निवडली नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता आपोआप सामाईक होते आणि दोघांचा त्यात निम्मा निम्मा वाटा असतो. स्थावर विकायचे तर दोघांच्या सह्या लागतात, मग पैसे कोणीही घातलेले असोत. प्राप्तिकरातही व्याज, भाडे किंवा धंद्याचे उत्पन्न पती-पत्नींमध्ये अर्धे अर्धे वाटून दाखवावे लागते. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावावर राहतो.

यावरून कोणी असे समजू नये की आमच्याकडे पैशांवरून वाद होत नाहीत. कायदा मालकी ठरवतो. विसवण (सुरमई मासा) परवडत नाही, आज बांगड्यांवर भागवू या, असे कोणी कोणाला सांगायचे हे तो ठरवत नाही. माझी पत्नी आणि मी दैनंदिन खर्चाची खाती वेगळीच ठेवतो. परंतु लग्नाच्या नोंदणीच्या वेळीच मालमत्तेचा विषय निघतो, त्यामुळे निदान तो बोलायला अवघड राहत नाही. तुमच्याकडे तो पहिल्यांदाच निघतो आहे, आणि तोही घराच्या मालकाला टोकन देण्याची घाई असताना. ही घाई थोडी बाजूला ठेवता आली तर पाहा.

---

भाडेकरू यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. शाखाधिकारी काकांचा आकडेवारीचा परिच्छेद आणि हिशेबनीस यांचा धान्याचा मुद्दा मी नवऱ्याला वाचून दाखवला. वाळवणातून आपल्यालाही साडेतीन हजार मिळतात हे ऐकून तो आधी हसला आणि मग त्याने स्वतःहून गेल्या वर्षाची बँकेची विवरणपत्रे काढली. सहलींपेक्षा मोबाइलवरून मागवलेल्या जेवणाचा खर्च मोठा निघाला, याचे त्याला आणि मलाही आश्चर्य वाटले.

सध्या असे ठरले आहे की पुढच्या महिन्यापासून घरखर्च मिळकतीच्या प्रमाणात वाटायचा. डाऊन पेमेंटमध्ये मी दहा लाखांवर जाणार नाही, उरलेले त्याने जमवायचे. त्याला वर्षभर लागेल असे दिसते, त्यामुळे हा फ्लॅट बहुधा हातचा जाईल. आवर्ती ठेव दोघांच्या नावे उघडत आहोत. मूल झाले आणि माझी मिळकत थांबली तर त्या काळातला संपूर्ण हप्ता त्याने भरायचा आणि माझा हिस्सा त्यामुळे कमी करायचा नाही, हे 'एकच तिजोरी' यांच्या प्रश्नामुळे लिहून ठेवले. सगळे पैसे एका खात्यात आणायला मात्र मी तयार नाही. माझ्या पैशांसाठी कोणाची परवानगी लागत नाही ही गोष्ट मला हप्त्याच्या हिशेबापेक्षाही मोलाची वाटते.

दोन गोष्टी उरल्या आहेत. नवरा अजूनही खरेदीखतात निम्मे निम्मेच लिहावे म्हणतो, तर माझे म्हणणे असे की घातलेल्या रुपयांप्रमाणे लिहावे. आणि सासऱ्यांनी सुचवले आहे की घर फक्त माझ्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे ७० हजार वाचतील. हे कितपत योग्य?

---

निवृत्त शाखाधिकारी यांचे उत्तर

महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तरच ती एक टक्क्याची सवलत मिळते. पतीचे नाव आले की मिळत नाही. सवलत खरी आहे, पण त्यासाठी तुमचे पती मालकी नसलेल्या घराचे दोन तृतीयांश हप्ते वीस वर्षे भरतील, आणि ते जुन्या करप्रणालीत असले तर मालक नसल्यामुळे व्याजाची वजावटही त्यांना घेता येणार नाही. शिवाय त्यांच्या पैशांतून तुमच्या नावावर घेतलेले घर पुढे भाड्याने दिले, तर त्यांच्या पैशांच्या प्रमाणातले भाडे प्राप्तिकरासाठी त्यांच्याच उत्पन्नात धरले जाते. सत्तर हजारांसाठी एवढी गुंतागुंत मी तरी करणार नाही. सासऱ्यांनी सून मालक व्हावी असे सुचवले, याचे मात्र कौतुक वाटते. माझ्या टेबलावर हे क्वचितच आले.

हिश्श्यांबाबत माझा कल तुमच्याकडे आहे, पण फार ताणू नका. तुम्ही दहा लाख घालणार आणि हप्ता प्रमाणात भरणार असाल, तर तुमचा रुपयांचा हिस्सा ४० टक्क्यांवर येतो. म्हणजे आता रुपयांप्रमाणे लिहिणे पतींच्या फायद्याचे आहे आणि निम्मे लिहिणे तुमच्या. हे त्यांना ठाऊक असूनही ते निम्म्याचा आग्रह धरत असतील, तर त्यांचे ऐकावे. पुढे हिस्से बदलावेसे वाटले, तर पती-पत्नींमधील राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, स्थानिक अधिभार तेवढा वेगळा पडतो. मात्र घर गहाण असेपर्यंत त्यासाठी बँकेची लेखी संमती आधी घ्यावी लागेल.